झालं म्हणेपर्यंत

१

माझा नवरा शहर बसवर कंडक्टर आहे. शहरातला एकूण एक स्टॉप ह्यांना तोंडपाठ, पण स्टॉपच्या मागे काय आहे ते इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. उतरायची वेळच येत नाही. मी चष्म्याच्या दुकानात आतल्या खोलीत बसून काचा घासते. दिवसभर नजर वीतभर अंतरावर. तेव्हा रविवारी सकाळी कुठल्यातरी अनोळखी स्टॉपवर उतरायचं आणि मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्ल्यांत शिरायचं, हा बेत दोघांनाही मानवला. कॅमेरा मी घेते. स्टँड हे घेतात, आणि कुरकुरही हेच करतात.

"लोक बायकोला बागेत नेतात. आमची बायको आम्हाला गटारं दाखवायला नेते."

"तुम्ही पुढे चला."

"हे माझं वाक्य आहे. दिवसभर मीच सांगत असतो लोकांना, पुढे चला."

कॅमेरा जुना आहे, रीळ घालायचा. वापरायला माझी मीच शिकले, फिल्म धुवायलाही. गोदामांच्या पाठी, बंद छापखान्याची भिंत, दोन इमारतींमधली अंगठी अडकेल एवढी फट, असल्या गोष्टींचे फोटो मी काढते. पण नुसत्या गल्लीचा फोटो काढला तर तिची उंची कळत नाही. भिंत कमरेएवढी आहे की दुमजली, हे समजायला चौकटीत एक माणूस लागतो. तो माणूस म्हणजे हे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं, एवढंच काम.

तेवढंही ह्यांना जमत नाही. सगळा जन्म हलत्या जमिनीवर उभं राहून गेल्यामुळे असेल, स्थिर जमिनीवर ह्यांचे पाय बावरतात. या पायावरून त्या पायावर, टाच वर, टाच खाली. अशा गल्ल्यांत उजेड कमी, शटर सावकाश उघडझाप करतं, आणि तेवढ्यात हे हललेले असतात. माझ्या सगळ्या फोटोंत विटेवरचा चरा न् चरा स्वच्छ दिसतो आणि टोकाला नवऱ्याच्या आकाराचा धूर.

म्हणून आमचा नियम ठरला होता. मी "हं" म्हटलं की हलायचं नाही. मी "झालं" म्हणेपर्यंत. "झालं" ऐकलं की हे सुटल्यासारखे वळायचे आणि झपाझप परत यायचे.

२

ती गल्ली पाण्याच्या टाकीमागे होती. एका बाजूला तीन मजली इमारतीची पाठ, सांडपाण्याचे नळ, वायरींची भेंडोळी. दुसऱ्या बाजूला सलग भिंत. तिच्यातल्या खिडक्या कधीतरी विटांनी बुजवलेल्या, पण चौकटी तशाच ठेवलेल्या. टोकाला गल्ली डावीकडे वळत होती. वळणावर एक राखाडी दार होतं, त्याला ना कडी ना कुलूप. बाहेर रहदारी चालू होती, आत मात्र तिचा आवाज कमी येत होता. अशी गल्ली मिळाली की मला बरं वाटतं. त्या दिवशीही वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

हे टोकाला गेले. स्टँड लावून मी काचेतून पाहिलं.

"हं!"

शटर दाबलं. ते मिटलं न मिटलं तोच वरून माझ्या डोक्यावर धुळीचा लोट आला. दुसऱ्या मजल्यावरची एक बाई खिडकीतून सतरंजी झटकत होती. मी पदर कॅमेऱ्यावर टाकला.

"अहो बाई, खाली माणसं आहेत!"

"मग माणसांनी वर बघून उभं राहावं!"

"वर बघितलं असतं तर डोळ्यांत गेली असती!"

"मग खाली बघा. माझं काय जातंय!" म्हणून तिने सतरंजी आणखी एकदा, मुद्दाम, झटकली आणि खिडकी लावून घेतली.

मी फुंकर मारून काच साफ केली. मान वर केली तर हे शेजारी उभे होते. स्टँड मिटायला सुरुवातही केली होती. एरवी अशा प्रसंगावर ह्यांनी पुढचा स्टॉप येईपर्यंत टोमणे मारले असते. हे काहीच बोलले नाहीत. त्या बाईने दोघांनाही गप्प केलं, असं मी समजले.

३

फिल्म मी न्हाणीघरात धुते. दाराच्या फटीत जुनं गोधडं कोंबायचं, दिवा बंद करायचा. तेवढा वेळ हे बाहेर येरझारा घालतात आणि दार वाजवतात. "आत फोटोंची आंघोळ झाली असेल तर माणसांचाही विचार व्हावा!" त्या दिवशी अंधारात काम करताना माझ्या लक्षात आलं, की बाहेर चपलांचा आवाज नाही. झोपले असतील, असं वाटलं. काम आटपून दार उघडलं, तर हे समोरच उभे. दाराकडे तोंड करून, हात सरळ खाली.

"केव्हापासून उभे आहात?"

"तू आत गेलीस तेव्हापासून."

"मग आवाज तरी द्यायचा."

"कशाला?" हे म्हणाले.

फिल्म वाळल्यावर मी खिडकीपाशी धरून भिंगातून पाहिली. आदल्या दोन गल्ल्यांत नेहमीचा धूर. तिसऱ्या, टाकीमागच्या गल्लीत, टोकाला माझा नवरा. स्पष्ट. शर्टाची पाठीवरची शिवण दिसत होती, कॉलरची दुमड दिसत होती, उजव्या कोपराची घडी दिसत होती. आमच्या लग्नानंतरचा ह्यांचा पहिला न हललेला फोटो.

मला आनंदच झाला. मी तो ह्यांना दाखवला. "बघा, जमलं की नाही एकदाचं!"

ह्यांनी फिल्मकडे पाहिलं. "हो," म्हणाले. "आता जमतं."

४

पहिले काही दिवस मी सुखात होते, हे मान्य करायला हवं. ज्या बाईने वर्षानुवर्षं जेवताना टेबलाखाली पाय आपटणं ऐकलंय, तिला शांततेची किंमत विचारा. हे कामावरून येत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आणि बसून राहत. विचारलं की उत्तर देत. उत्तरही बरोबर असे. फक्त मी विचारलं नाही तर काही येत नसे.

मनात शंका यायची आणि मीच तिची समजूत घालायचे. वय झालं. नोकरीचा शीण आहे. माणूस कधी ना कधी निवतोच. रात्री कूस बदलत नाहीत, तर चांगलंच आहे, पांघरूण ओढलं जात नाही. चष्म्याच्या कामात मी एक शिकले आहे: दोन काचा सारख्या दिसतात, हातालाही सारख्या लागतात, आणि तरी एक घातली की डोकं दुखायला लागतं. माझं डोकं दुखायला लागलं होतं.

माझी नणंद आली. ती ह्यांची धाकटी बहीण, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. तास-दोन तास बसली. जिन्याशी आल्यावर माझा हात दाबून म्हणाली, "वहिनी, काय जादू केलीस गं दादावर? आमची आई ह्याचे पाय बाजेला बांधू का म्हणायची. आज बघ, पुतळा!"

"वयाने शहाणपण येतं."

"ह्याला? शहाणपण यायचं असतं तर तुझ्याशी भांडायला एवढी वर्षं टिकला असता?" ती हसली. मग दोन पायऱ्या उतरून थांबली. परत वर आली. आता हसत नव्हती.

"वहिनी, खरं सांग. मी त्याच्या समोर बसले होते. मला रागावू नकोस. त्याची पापणी हलते ना गं?"

"काहीतरीच काय!"

"नाही, म्हणजे हलत असेलच. माझंच लक्ष नसेल." आणि एवढं बोलून ती घाईघाईने उतरली. एरवी खालून तीनदा हाक मारून निरोप घेणारी बाई, तिने एकदाही वर पाहिलं नाही.

मी आत आले. पापणीकडे बघायचं नाही असं ठरवून स्वयंपाकाला लागले.

५

ह्यांच्या बसचा ड्रायव्हर ह्यांचा जुना दोस्त. डेपोत सगळे त्याला उस्ताद म्हणतात. एका दुपारी दुकानातून लवकर सुटले आणि स्टॉपवर नेमकी ह्यांची बस लागली. मी पुढच्या दाराने चढले.

"वहिनी! या, बसा पुढेच," उस्ताद म्हणाला. मग आवाज खाली आणून, "घरी काही बोलणं झालंय का?"

"कशावरून म्हणता?"

"माझ्याशी भांडत नाही हो तो. आधी एक ब्रेक दाबला की मागून शिव्या यायच्या, 'मशीन चालवतोस की म्हैस?' आता काही नाही. करमत नाही मला." त्याने आरशात पाहिलं. "आणि दांडी धरत नाही."

"दांडी?"

"बघा तुम्हीच."

मी मागे वळून पाहिलं. बस भरलेली होती. लोक वरच्या दांडीला लटकून डुलत होते. हे मधोमध, दोन्ही हात मोकळे, तिकिटं देत उभे. पुढे सायकलवाला आडवा आला आणि उस्तादने करकचून ब्रेक दाबला. सगळी बस पुढे झुकली. एका म्हाताऱ्याची पिशवी सुटली, एक मूल रडायला लागलं, मी स्वतः समोरच्या कठड्यावर आपटले. माणसांचं सगळं शेत एका बाजूला आडवं झालं आणि पुन्हा उभं राहिलं.

हे तसेच उभे होते. तोल सावरला नव्हता, कारण तो गेलाच नव्हता. गवंड्याने ओळंबा सोडावा तसे सरळ. बसच्या झोक्याशी ह्यांचा काही संबंधच नव्हता, जणू हे बसमध्ये उभेच नव्हते.

ह्यांची नजर माझ्याकडे आली. ह्यांनी ओळखीचं हसू आणलं आणि म्हणाले, "पुढे चला."

मी पुढच्या स्टॉपला उतरले आणि उरलेली वाट पायी चालले. चालताना मी त्या रविवारची उजळणी करत होते, मोडलेल्या वस्तूचे तुकडे जुळवावेत तशी. स्टँड लावला. हे टोकाला गेले. मी "हं" म्हटलं. शटर दाबलं. धूळ पडली. त्या बाईशी वाद घातला. काच पुसली. मान वर केली, तर हे शेजारी.

मी रस्त्यातच थांबले.

"झालं" मी म्हटलंच नव्हतं.

आणि माझा नवरा वाटेल तेवढी चुळबूळ करील, तोंड चालवील, पण मी "झालं" म्हटल्याशिवाय जागा सोडून कधीच आला नव्हता. एकदा पावसात भिजत राहिला होता, मी फिल्म बदलत बसले म्हणून. मग माझ्याबरोबर घरी कोण आलं होतं? आणि तिकडे कोण राहिलं होतं?

६

दुसऱ्या दिवशी ह्यांना बदली सुट्टी होती. मी दुकानात निरोप धाडला, कॅमेरा आणि स्टँड घेतला. हे खुर्चीत होते.

"मी जरा जाऊन येते."

"कुठे?" ह्यांनी विचारलं. स्वतःहून विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता.

"दुकानात."

"कॅमेरा घेऊन?"

मी स्टँड खांद्यावर टाकला आणि निघाले. बाहेरून ओढून घेतलेल्या दारामागे काहीच आवाज झाला नाही, तरी जिना उतरेपर्यंत माझी पाठ आखडलेली होती.

गल्लीत भर दुपार होती. सतरंजीवालीची खिडकी बंद. बुजवलेल्या चौकटी, नळ, वायरी, टोकाचं राखाडी दार, सगळं जागच्या जागी. टोकाला कुणी नव्हतं. बराच वेळ डोळे फाडून पाहिलं. कुणीही नव्हतं. मला रडू यायला लागलं आणि हसूही. या वयात नवऱ्याला शोधायला गटारामागे आलेली बाई. परत फिरणार होते. पण सवयीने हात चालले, स्टँड उघडला गेला, कॅमेरा बसवला, डोळा काचेला लावला.

काचेत, टोकाला, हवा हलत होती. तापलेल्या रस्त्यावर हलते तशी, पण उंचीला माणसाएवढी. एकीकडे कलायची, मग दुसरीकडे. टाच वर, टाच खाली.

मी डोळा काढला नाही. काढला तर जाईल असं वाटलं. आणि मग छातीत होता नव्हता तेवढा सगळा श्वास लावून ओरडले, "झालं! अहो, झालं!"

हवा थांबली. मग चपलांचा आवाज सुरू झाला, झपाझप, एक चप्पल जरा घासत. गल्लीत माणूस दिसत नव्हता, फक्त आवाज जवळ येत होता. मी काचेला डोळा लावून, श्वास धरून, जराही न हलता उभी राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. आवाज माझ्यापर्यंत आला, माझ्याभोवती घुटमळला, मग रस्त्याच्या दिशेने लांब गेला.

त्यानंतर मी घरी कशी आले ते नीटसं आठवत नाही. आले एवढं खरं.

७

हे खुर्चीतच होते. मी दाराला आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. आम्ही एकमेकांकडे पाहत होतो. उन्हाचा पट्टा ह्यांच्या गुडघ्यावर पडला होता. पापणीकडे बघायचं नाही हे मी विसरले होते. मी बघत होते.

जिन्यात चपला वाजल्या. एक जरा घासत. पायऱ्या चढून आवाज दारापर्यंत आला आणि दारावर थापा पडल्या.

"अरे, उघडा! उघडा लवकर!"

ह्यांचा आवाज. धाप लागलेला. दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली, या बाजूची त्या बाजूला, त्या बाजूची या बाजूला.

"उघडू नकोस," खुर्चीतले हे म्हणाले.

"का?"

"मी आहे ना घरात."

"घरात कोणी आहे का?" बाहेरून ओरडणं चालू होतं. "पायांचे पार तुकडे पडले उभं राहून, आणि आता इथेही उभाच! उघडा कोणीतरी!"

"त्याला जाऊ दे," खुर्चीतले म्हणाले. अगदी मायेने म्हणाले. "तुला शांतता आवडते ना?"

या वाक्याने माझा निर्णय झाला. मला शांतता नको होती. मला टेबलाखाली आपटणारे पाय हवे होते, ओढलेलं पांघरूण हवं होतं, न्हाणीघराच्या दारावरच्या थापा हव्या होत्या. आयुष्यभर जिच्यावर चिडले ती चुळबूळ दाराबाहेर होती, आणि मी मागे न बघता कडी काढली.

उंबऱ्याबाहेर माझा नवरा उभा होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, शर्टाची पाठ उन्हाने विटून पांढरी पडलेली. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, वाकून चप्पल काढता काढता तो बोलायला लागला होता.

"कोणीतरी चला माझ्याबरोबर, पटकन. तिला काहीतरी झालंय. गल्लीच्या तोंडाशी उभी आहे, कॅमेऱ्याला डोळा लावून. 'झालं' म्हणाली म्हणून मी आलो, तर हलतच नाही. हाका मारल्या, खांदा धरून हलवलं, पण..."

त्याने मान वर केली आणि मला पाहिलं.

चप्पल त्याच्या हातातच राहिली. त्याने माझा चेहरा पाहिला, मग माझे पाय पाहिले, मग पुन्हा चेहरा. गेले कित्येक दिवस मी ज्या नजरेने खुर्चीकडे पाहत होते, त्याच नजरेने.

"अहो, मीच आहे," मी म्हटलं. "या ना आत."

तो आत आला नाही. माझ्यावरची नजर न काढता त्याने चप्पल पुन्हा पायात घातली, आणि एकेक पायरी मागे मागे उतरू लागला.